मोगऱ्याच्या कळ्या जांभळ्या पडून गळतात? झाडाखालची माती बघा

एप्रिल अर्धा सरला की मला एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतं. मोगरा कळ्यांनी लगडलाय, पण फुलत काही नाही. कळ्या टपोऱ्या व्हायच्या आधीच जांभळट पडतात, वाकतात आणि सकाळी झाडाखाली त्यांचा खच पडलेला असतो. आमच्या गोव्यात सांगणारं माणूस कधी डिचोलीचं असतं, कधी पेडण्याचं, कधी आमच्याच माशेलात दोन घरं सोडून राहणाऱ्या काकी. पुढचं वाक्यही बहुतेकांचं ठरलेलं: "गेल्या वर्षी औषध मारलं होतं हो, आठ दिवस बरं वाटलं. यंदा परत तेच."

हे "परत तेच" का होतं, ते मला आमच्या परसातल्या तीन झाडांनी शिकवलं. त्यात चार उन्हाळे गेले. तुमचे चार जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सोलं वाळत घातलेली असतात, फणस पिकलेला असतो, उकाड्याने जीव नको झालेला असतो, आणि तिन्हीसांजेला परसाकडून मोगऱ्याचा वास घरात येतो. एवढ्या एका वासावर मे महिना निभतो. तो हातचा जाताना बघवत नाही.

झाडं सासूबाईंनी लावलेली. विहिरीच्या कठड्याकडे दोन बटमोगरे आणि थोडं बाजूला एक मदनबाण. पहिल्या वर्षी कळ्या गळू लागल्या तेव्हा मला वाटलं, पाणी कमी पडतंय. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागले. गळ वाढली. दुसऱ्या वर्षी शेणखत आणि पेंड घातली. पानं हिरवीगार झाली आणि कळ्या तशाच गळाल्या. तिसऱ्या वर्षी एका दुकानातून झाडाच्या अंगात भिनणारं औषध आणून फवारलं. आठ दिवस एकही कळी पडली नाही. नवव्या-दहाव्या दिवसापासून पुन्हा सुरू.

त्या फवारणीनंतर दुसऱ्या दिवशी मला जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. विहिरीच्या चिऱ्यांच्या फटीत डंख न करणाऱ्या बारीक काळ्या मधमाश्यांचं घर होतं, मेणाची नळी बाहेर काढलेलं. त्या नळीच्या तोंडाखाली, कठड्यावर, मूठभर माश्या मरून पडल्या होत्या. संध्याकाळी मुलीने सवयीने चार फुलं खुडून केसात खोवली, ती मी ताबडतोब काढायला लावली. जे फूल आपण नाकाशी धरतो, देवाला वाहतो, लेकीच्या केसात माळतो, त्याच्या अंगात विष भिनवायचं नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं. पुढे जे काही सांगणार आहे त्यात असं एकही औषध नाही.

चौथ्या वर्षी मी झाडाशी उभी राहून पानं उलटीपालटी करत होते. सासूबाई पडवीतून म्हणाल्या, "अगं, बाहेरून काय बघतेस? कळी फोडून बघ की."

तीन वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

कळी फोडायची ती अशी

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी, जांभळट झालेल्या आठ-दहा कळ्या घ्या. निम्म्या झाडावरच्या, निम्म्या खाली पडलेल्या. पांढरी बशी, शिवणाची सुई आणि मिळालं तर भिंग. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघा. कळीच्या देठाकडून सुई घालून पाकळ्या एकेक सोडवायच्या. घाई केली तर आतला जीव चिरडतो आणि मग काहीच कळत नाही.

माझ्या पहिल्या कळीत काही नव्हतं. दुसरीच्या बुडाशी, जिथे ती जराशी फुगलेली होती, तिथे दुधात साखर विरघळताना दिसते तसं काहीतरी ओलसर चकाकत होतं. सुईने पाकळी दूर केली तर पाच-सहा अळ्या. पाय नाहीत, डोकं वेगळं दिसत नाही, तांदळाच्या कणीच्या अर्ध्याएवढ्या, पांढुरक्या-पिवळसर. मी बघत असताना त्यातली एक धनुष्यासारखी वाकली, तोंड शेपटीला टेकवलं आणि टचकन उडाली. बशीच्या बाहेर, वीतभर लांब, टेबलावर. मी दचकले. मग दुसरी उडाली.

ही उडी हीच तिची ओळख. ही कळीमाशीची अळी. शास्त्रीय नाव कॉन्टारिनिया मॅक्युलिपेनिस. माशी स्वतः चिलटाहून बारीक, दिवसा शोधून सापडत नाही. कळी अगदी कोवळी असताना टोकाच्या फटीतून ती आत अंडी घालते. अळ्या कळीच्या आत रस शोषतात, कळी बुडाशी फुगते, वाकडी होते, जांभळी पडते आणि गळते. बाहेरून एक भोक दिसत नाही. म्हणूनच माणूस पाणी, खत, ऊन यांत कारण शोधत बसतो.

चौथ्या की पाचव्या कळीत वेगळाच प्रकार निघाला. कळीला बाजूने गोल भोक, भोकाच्या तोंडाशी काळसर रवाळ विष्ठा, आत एकच अळी, हिरवट आणि काळ्या डोक्याची. ही कळी पोखरणारी अळी, हेंडेकॅसिस डुप्लिफॅशिॲलिस. हिचा पतंग नखाएवढा, पांढुरका, पंखांवर काळसर नागमोडी रेघा असलेला. ही अळी एका कळीवर थांबत नाही. घोसातल्या शेजारच्या दोन-तीन कळ्या रेशमाच्या धाग्याने बांधून घेते आणि एकीतून दुसरीत जाते. घोसातल्या कळ्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या, बोटाने सोडवताना तंतू ताणले गेले, तर कळी न फोडताही ओळखता येतं.

तिसरा भिडू फुलकिडे. कळीच्या पाकळ्यांवर तपकिरी रेघोट्या, कोवळी पानं मुरडलेली. झाडाची फांदी पांढऱ्या कागदावर झटकली की कागदावर बारीक कुसळांसारखे पिवळे-काळे जीव पळताना दिसतात. हे कळ्या खराब करतात, पण रोज सकाळी खच पाडायचं काम माझ्या अनुभवात त्यांचं नसतं.

मी कळ्या फोडून बघायचा आग्रह एवढ्यासाठी धरते की उपाय अळीप्रमाणे बदलतो. पतंगाच्या अळीवर चालणारं जैविक औषध माशीच्या अळीवर चालत नाही. नुसत्या जांभळ्या रंगावरून औषध आणलं की पैसे जातात आणि उन्हाळाही जातो.

दर वर्षी परत का येतं

आता मुख्य गोष्ट. ह्या दोन्ही किडी कळीत जन्म काढत नाहीत. कळीतली अळी पोसली की ती जमिनीत जाते. कळीमाशीची अळी कळी गळून पडल्यावर किंवा वरूनच उडी मारून मातीत शिरते, वरच्या इंचभर थरात कोष करते, आणि दोनेक आठवड्यांनी माशी होऊन वर येते. अंड्यापासून माशीपर्यंत सारा फेरा साधारण तीन ते चार आठवड्यांचा. पोखरणारी अळीसुद्धा पूर्ण वाढली की मातीत उतरून कोषात जाते.

म्हणजे आपण झाडावर औषध मारतो तेव्हा निम्मा कळप झाडाखाली मातीत सुरक्षित असतो. फवारणीचा असर सरतो तेव्हा तो वर येतो, आणि नेमक्या त्याच वेळी झाडावर नव्या कळ्यांचा बहर असतो. माझं "आठ दिवस बरं वाटलं" ते हेच होतं.

खात्री करायला मी एक प्रयोग केला, तो तुम्हीही करू शकता. काचेच्या लोणच्याच्या बरणीत तीन बोटं ओलसर वाळू घातली, वर पंधरा-वीस जांभळ्या कळ्या टाकल्या, तोंडाला तलम मलमल बांधली आणि बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत सावलीत ठेवली. कळ्या दोन दिवसांत काळ्या पडल्या. मग कितीतरी दिवस काहीच नाही. सासूबाई रोज विचारायच्या, "आली का गं तुझी पाहुणी?" दोन आठवडे उलटल्यावर एका संध्याकाळी दिवा लावला तर मलमलीच्या आतल्या बाजूला सात-आठ इवल्या माश्या बसलेल्या, लांब पायांच्या, धुरकट पंखांच्या. वाळूतून आलेल्या. आणखी तीन-चार दिवसांनी एक पांढुरका पतंग.

बरणीत जे झालं तेच माझ्या तीन झाडांखाली चार वर्षं होत होतं. शिवाय मी रोज दोन वेळा पाणी घालून ती माती त्यांच्यासाठी मऊ आणि ओली ठेवत होते. आणि पडलेल्या कळ्या? त्या मी झाडाच्या बुंध्याशीच लोटत होते. खत होईल म्हणून.

काय करायचं

पहिलं आणि सगळ्यांत मोठं काम पडलेल्या कळ्या उचलण्याचं. रोज. सकाळी, उन्हाआधी. झाडावरच्या जांभळट, वाकड्या, चिकटलेल्या कळ्याही त्याच वेळी खुडायच्या. ह्यात दोन दिवसांचा खाडा पडला तर आठवड्याची मेहनत वाया जाते, कारण अळी कळीत थांबायला बांधलेली नाही. गोळा केलेल्या कळ्या कंपोस्टच्या खड्ड्यात नको, माडाच्या आळ्यात नको, कुंपणापलीकडे तर मुळीच नको. साबणाच्या पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चिऱ्याच्या गडग्यावर कडक उन्हात दोन-तीन दिवस ठेवा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन पिशवीच्या आत काही जिवंत ठेवत नाही.

ह्याच्या जोडीला मी जे करते त्याचा मला सर्वांत जास्त उपयोग झाला. पावसाआधी पडवीला बांधायला आपण निळं प्लास्टिक आणतोच. ते एप्रिलच्या सुरुवातीलाच आणायचं आणि मोगऱ्याखाली अंथरायचं. बुंध्यापासून वीतभर जागा सोडायची, कडा दगडांनी दाबायच्या, झाडाचा घेर जेवढा त्याहून हातभर मोठं असू द्यायचं. पडलेली कळी प्लास्टिकवर पडते, अळी बाहेर आली तरी तिला माती मिळत नाही आणि उन्हाने तापलेल्या प्लास्टिकवर ती वाळून जाते. खालच्या मातीतून वर यायला निघालेल्या माशीचीही वाट अडते. आणि सकाळी झाडून घेणं किती सोपं होतं! निळ्यावर जांभळी कळी लगेच दिसते. पाणी घालताना एक बाजू उचलायची, बहर सरला की काढून ठेवायचं, म्हणजे मुळांचा श्वास कोंडत नाही आणि ते पडवीलाही वेळेवर मिळतं.

प्लास्टिक नको असेल तर बुंध्याभोवतालचा इंच-दीड इंच मातीचा थर खुरप्याने हलकेच उकरून उन्हात उघडा पाडा, दर आठवड्याला एकदा. मुळं वर असतात, खोल जाऊ नका. आपली तांबडी माती लवकर सुकते, ही इथे आपल्या बाजूची गोष्ट आहे.

पाण्याचं वेळापत्रकही बदला. जमिनीतल्या मोठ्या झाडाला रोज शिंपडलेल्या पाण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी एकदा, सकाळी, बुंध्यापासून दूर केलेल्या आळ्यात भरपूर पाणी जास्त मानवतं. मुळं खालून ओली राहतात, वरचा थर कोरडा होतो. कोरड्या थरात कोष टिकत नाहीत. कुंडीतल्या मोगऱ्याला मात्र मे महिन्यात असं चालणार नाही, त्याला रोज पाणी हवंच. कुंडीवाल्यांनी मातीवर बोटभर जाड वाळूचा किंवा चिऱ्याच्या भुग्याचा थर द्यावा आणि कळ्या उचलण्यात कसूर करू नये.

पालापाचोळ्याच्या आच्छादनाबद्दल माझं मत बऱ्याच बागवाल्यांना पटत नाही. एरवी मीसुद्धा झाडाखाली सुकी पानं, काथ्या, सुपारीच्या झावळ्या घालतेच, उन्हाळ्यात त्याने पाणी वाचतं. पण ज्या मोगऱ्याला कळीमाशी लागली आहे, त्याच्याखालचं आच्छादन बहराचे दोन महिने काढा. त्याच्याखाली जी थंड ओल राहते ती झाडाला जेवढी आवडते तेवढीच कोषालाही.

आणि प्रकरण फारच हाताबाहेर गेलं असेल, म्हणजे दहातल्या सात-आठ कळ्या जात असतील, तर मन घट्ट करा आणि एका दिवशी झाडावरच्या सगळ्या कळ्या काढून टाका. चांगल्या दिसणाऱ्यासुद्धा. मी हे केलं तेव्हा हात चालत नव्हता. सासूबाईंनी लावलेलं झाड आणि त्यावरच्या टपोऱ्या कळ्या मी ओरबाडत होते. पण माशीला अंडी घालायला कोवळी कळीच लागते. दहा-बारा दिवस कळी मिळाली नाही तर मातीतून वर आलेली माशी चार-पाच दिवसांच्या आयुष्यात काही न करता मरते. मोगरा नव्या फुटीवर पुन्हा कळ्या धरतो. आमच्याकडे त्यानंतर जो बहर आला तो त्या वर्षीचा पहिला आणि खरा बहर. हे करायचं तर शेजारपाजारच्यांनी मिळून एकाच दिवशी करा. काकींच्या दारचा मोगरा तसाच राहिला आणि माझा रिकामा केला, तर काही उपयोग नाही. आम्ही तीन घरांनी मिळून रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी केलं होतं, नवमीला देवाला जेवढी वाहायची तेवढी फुलं वाहून.

निंबोळीचा वापर मी करते, पण तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते ठाऊक ठेवून. कळीच्या आत शिरलेल्या अळीपर्यंत निंबोळी पोचत नाही. ती कामाची आहे ती कळी टाचणीच्या डोक्याएवढी असताना: तिच्या कडू वासाने माशी आणि पतंग अंडी घालायला कचरतात, नुकती निघालेली अळी खाणं सोडते. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर रात्री भिजवून, सकाळी कुटून, फडक्याने गाळून घ्यायचा, त्यात थोडा साबण. तयार तेल असेल तर लिटरला पाच मिलि, साबणात आधी घोटून. फवारायचं उन्हं उतरल्यावर, कारण उन्हात निंबोळीतलं द्रव्य लवकर निकामी होतं, आणि मधमाश्याही तोवर घरी गेलेल्या असतात. आठ दिवसांच्या अंतराने तीन वेळा. फुलायला आलेल्या कळ्या आधी खुडून घ्या आणि फवारल्यावर दोन-तीन दिवस फुलं माळू नका, वासाने डोकं चढतं.

तुमच्या कळ्यांना भोक आणि विष्ठा असेल, म्हणजे पोखरणारी अळी असेल, तर बॅसिलस थुरिन्जिएन्सिस ह्या जिवाणूची पूड मिळते, ती संध्याकाळी फवारता येते. ती पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांनाच लागते, मधमाश्यांना नाही. म्हणूनच कढीपत्त्यावर आणि लिंबावर ती उडू देऊ नका. तिथे विष्ठेसारखी दिसणारी जी अळी बसलेली असते तिचं पुढे काळं सुंदर फुलपाखरू होतं. आणि कळीमाशीवर ही पूड काहीच करत नाही, हे पुन्हा सांगते, कारण ही चूक बरेच जण करतात.

जास्वंद आणि कारली विसरू नका

मोगऱ्याखाली सगळं नीट करूनही कळ्या जात राहिल्या तर दहा पावलांवर जास्वंद आहे का ते बघा. हीच कळीमाशी जास्वंदीच्या कळीत राहते. जास्वंदीची कळी पिवळी पडून फुलायच्या आधी गळते, भरगच्च पाकळ्यांच्या जातींत जास्त. कारल्याच्या, वांग्याच्या, टोमॅटोच्या कळ्यांतही ती आढळते, आणि ऑर्किडवर तर ती जगभर कुप्रसिद्ध आहे. अमेरिकेत फ्लोरिडात १९९२ साली ती सापडली ती ऑर्किडच्याच कळ्यांत. आपल्याकडे आता घरोघरी पडवीत ऑर्किडच्या कुंड्या टांगलेल्या असतात. त्यांच्या कळ्या उमलायच्या आधी पिवळ्या-तपकिरी होऊन गळत असतील तर एक फोडून बघा. आमच्याकडे खरं कोठार जास्वंदीखाली निघालं. तिथल्या गळलेल्या कळ्यांकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं, कारण जास्वंदीला रोज एवढी फुलं असतात की गेलेल्या चार कळ्या मोजतो कोण.

अबोलीला ही माशी मी कधी पाहिली नाही. अबोली कोमेजून बसत असेल तर उपटून मुळं बघा. मुळांवर गाठी असल्या तर ते सूत्रकृमीचं काम, आणि त्या वाफ्यात पुढच्या खेपेला झेंडू लावा.

रोग नसताना घाबरू नका

काही वेळा कळी जांभळट दिसते आणि काही झालेलं नसतं. जाईची कळी बाहेरून गुलाबीसर असते, तो तिचा रंगच आहे. म्हार्दोळला म्हालसेच्या देवळात जायांची पूजा होते तेव्हा त्या राशींमध्ये ही गुलाबी पाठ हजारोंनी दिसते. मोगऱ्याचं उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी जांभळट-तपकिरी पडतं, ते वय झालं म्हणून. कळी रंग न बदलता हिरवीच गळत असेल, आत फोडून स्वच्छ असेल, तर मात्र पाण्याची ओढ किंवा एकदम दिलेलं जास्त पाणी हे कारण. नुसती पानं येऊन कळीच नसेल तर सावली आणि जादा शेणखत. मोगऱ्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, फणसाच्या सावलीत तो जगतो, पण फुलत नाही. पानांवर पांढरट लोकरीसारखे डाग उठले तर ती डोळ्यांना न दिसणारी कोळीवर्गातली कीड आहे, त्या फांद्या कापून जाळा.

आणि मोगऱ्यावर दिसणारा प्रत्येक जीव शत्रू नाही. पांढऱ्या फुलात पांढराच होऊन बसलेला, खेकड्यासारखा आडवा चालणारा कोळी असतो. मी एकदा त्याला माझ्या हाताएवढ्या अंतरावरून बघितलं: पुढचे दोन पाय पसरून तो पाकळीच्या कडेला पाऊण तास हलला नाही आणि मग एक पांढुरका पतंग फुलावर टेकला तो त्याने जागच्या जागी धरला. माझ्या प्लास्टिकने आणि निंबोळीने जे होत नाही ते हा कोळी करतो. आंब्यावरचे हुमले, म्हणजे पानं जोडून घर करणारे तांबडे मुंगळे, मोगऱ्यावर फिरायला आले तर येऊ द्या, अळ्या उचलतात. फक्त त्यांच्या पाठोपाठ पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर तो कापसाने, साबणाच्या पाण्याने पुसून काढा. तिसऱ्या वर्षी मी जे विष मारलं त्याने कोळी, हुमले आणि अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या सगळ्या गेल्या असणार, कारण त्या वर्षीचा जून सर्वांत वाईट गेला होता.

पाऊस आला की

गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो, आणि त्याआधी वळवाच्या दोन-चार सरी होतात. पहिल्या सरीनंतर मातीला ओल मिळते आणि इतके दिवस कोरड्या थराखाली अडकलेल्या माश्या एकदम वर येतात. आमच्याकडे दर वर्षी वळवानंतरच्या आठवड्यात पुन्हा चार जांभळ्या कळ्या दिसतात. इथेच बहुतेक जण हात सोडतात, आता काय, बहर संपलाच, म्हणून. सोडू नका. शेवटच्या कळ्या पोटात अळी घेऊन पडतात, आणि मातीत उतरतात त्या पुढच्या मोसमाचं बी म्हणून. मी चिखलकाल्यापर्यंत, म्हणजे आषाढ अर्धा होईतो, रोजची वेचणी चालू ठेवते. पावसात भिजत पाच मिनिटांचं काम आहे.

पावसाळा सरल्यावर झाडाला स्वस्थ राहू द्या. डिसेंबरअखेर ते जानेवारीत पाणी दहा-पंधरा दिवस तोडा, पानं काढा, जुन्या आणि आतल्या बाजूला वाढलेल्या फांद्या छाटा, म्हणजे मधून ऊन आणि वारा खेळेल. छाटलेलं सगळं झाडापासून लांब नेऊन जाळा किंवा दुसरीकडे कुजवा. मग बुंध्याभोवतीची माती खुरपून आठवडाभर उन्हात उघडी ठेवा आणि त्यानंतर शेणखत, पाणी. पाडव्याच्या आसपास टाचणीएवढ्या कळ्या दिसू लागतात, त्या दिवशी निळं प्लास्टिक बाहेर काढायचं.

तुमचा बहर आत्ता चालू असेल आणि हे सगळं वाचून कुठून सुरुवात करू असं झालं असेल, तर आज संध्याकाळी प्लास्टिक अंथरा आणि उद्या उजाडताच त्यावरच्या कळ्या वाटीत मोजून घ्या. आमच्याकडे पहिल्या सकाळी आमटीची वाटी काठोकाठ भरली होती. तिसऱ्या आठवड्यात वाटीचा तळ झाकला जात नव्हता, आणि त्या शनिवारी सासूबाईंनी बऱ्याच वर्षांनी घरच्या मोगऱ्याचा हातभर लांब गजरा केळीच्या सोपात ओवला.